ठशातली रसायनं खरंच किती बोलतात?

निळीशाई
मंडळी, एका रहस्यकथेवर काम करतेय आणि अडलेय. कथेत खून नाही, मृत्युपत्राचा वाद आहे. लबाडी उघडी पडते ती बोटाच्या ठशावरून, पण नुसता ठसा जुळवून नव्हे. ते आता फार झालं. ठशात उरलेला घाम, तेल वगैरेच्या रासायनिक तपासणीतून काहीतरी निघायला हवंय.

मालिकांमध्ये बघते ते असं: यंत्र ठसा गिळतं, मिनिटभर घरघरतं आणि पडद्यावर उमटतं, 'पुरुष, वय चाळिशीचं, सिगारेट ओढतो, काल रात्री नऊला इथे होता.' यातलं खरं किती?

ठसा बाईचा की पुरुषाचा हे रसायनांवरून कळतं का? तो कधी उमटला हे कळतं का? त्या माणसाने काय घेतलं होतं, औषध, नशा, काहीही, ते कळतं का? थापा नकोत. कथेतल्या थापा मी स्वतः मारू शकते.

शंकासुर
तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर: प्रयोगशाळेत हो, बाहेर जरा थांबा. धागा संपला, दिवे मालवा.

उगाच_एक
आरोपी मी असेन तर ठशात फक्त कीबोर्डवरची धूळ निघेल. वय, लिंग, पत्ता काही नाही. फक्त धूळ आणि आळस.

बेंझीनकाका
शंकासुर दिवे मालवायच्या आत थोडं बोलून घेतो. नोकरीची बहुतेक वर्षं विश्लेषण प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळही आहे आणि तोंडही.

आधी ठशात असतं काय ते बघू. तळहातावर तेलग्रंथी नसतातच. तिथे फक्त घामाच्या एक्राइन ग्रंथी, आणि त्यांची रंध्रं बोटावरच्या उंचवट्यांच्या माथ्यावर उघडतात. हा घाम ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतो. उरलेल्यात मीठ, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि अमिनो आम्लं. त्यांतही सेरीन सर्वांत जास्त. मग ठसा तेलकट का? कारण माणूस दिवसभर कपाळ, नाक, केस चाचपत असतो. स्क्वालीन, मेदाम्लं, मेणासारखी एस्टरं, ट्रायग्लिसराइडं, कोलेस्टेरॉल हा सगळा ऐवज तोंडावरून बोटावर येतो. तिसरा वाटा बाहेरचा: क्रीम, साबण, शाई, तंबाखू, हाताळलेलं जे काही असेल ते. पाणी उडून गेलं की या सगळ्याचं वजन भरतं काही मायक्रोग्रॅम.

ठसा दिसावा म्हणून जुन्या काळापासून जे वापरतो ते सगळं यातल्या एकेकाला धरूनच. सिल्व्हर नायट्रेट मिठातल्या क्लोराइडला पकडतं आणि उजेडात काळं पडतं. आयोडीनची वाफ तेलात मुरते आणि तपकिरी दिसते, पण थोड्या वेळात उडून जाते, म्हणून लगेच फोटो काढायचा. निनहायड्रिन अमिनो आम्लांशी जांभळा रंग देतं. सुपरग्लूची वाफ, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, ठशातल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर जाऊन तिथेच पांढऱ्या पॉलिमरचे धागे विणते. त्यासाठी कपाटात ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात.

निनहायड्रिनची गंमत सांगतो. केंब्रिजमध्ये झिगफ्रीड रुहेमान यांनी ते १९१० साली बनवलं आणि त्याच्या जांभळ्या रंगाचीही नोंद केली. पुढे जगभर अमिनो आम्लं ओळखायला ते वापरलं गेलं, हाताळणाऱ्यांची बोटं जांभळी होत राहिली, आणि तरी हे ठशांसाठी वापरावं असं छापून यायला १९५४ उजाडलं. ते दोघं स्वीडनचे, ओडेन आणि फॉन हॉफस्टेन. चव्वेचाळीस वर्षं उत्तर सगळ्यांच्या बोटांवर होतं.

तेव्हा ठशांचं रसायनशास्त्र जुनंच आहे. इतके दिवस रेषा दिसाव्यात म्हणून ते वापरलं. आता रेषा दिसल्यावर 'या कशाच्या बनल्यात' असं विचारतायत, एवढा फरक.

आजी_ऑनलाइन
काका, छान समजावलंत. पण माझे ठसे मशीनवर उठतच नाहीत हो. समोरचा माणूस बोट दाब, पुस, फुंकर मार म्हणतो, शेवटी वैतागतो. म्हणजे माझ्या घामात काही कमी आहे का? मला गुन्हा करायला मोकळीक आहे असं समजू का?

उगाच_एक
आजी, टोळीत या. तिजोरीचं काम तुमच्याकडे.

डॉक्टर_डांबिस
आजी, घामात कमी असेलही, पण मुख्य कारण वेगळं. ती मशीन रसायन बघत नाही, ती उंच-सखल रेषा बघते, आणि वयाबरोबर त्वचा कोरडी होते, रेषा झिजतात, लवचिकपणा जातो. भांडी, धुणं, बागकाम यांनी आणखी झिजतात.

अवांतर: कॅपेसिटाबिन नावाचं कर्करोगावरचं औषध आहे, त्याने काही रुग्णांच्या तळहाताची कातडी सोलवटून रेषा पुसट होतात. असं औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका वृद्ध रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसे उमटेनात म्हणून अडवून ठेवलं होतं. त्याच्या डॉक्टरांनी २००९ साली ते वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आणि फार मोजक्या कुटुंबांत जन्मतःच ठसे नसतात. एका जनुकातल्या बिघाडाने तसं होतं आणि त्यांना घामही कमी येतो.

गुन्ह्याबद्दल: रेषा पुसट असल्या तरी काचेवर डाग उरतोच, आणि डागात डीएनए सापडू शकतो. बेत रद्द करा.

आजी_ऑनलाइन
अरेरे.

स्पेक्ट्रमा
मी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखायच्या तंत्रावर, पीएचडी करतेय (विषय ठशांचा नाही, पण यंत्र तेच), तर निळीशाईताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण तिथे सगळ्यात भक्कम काम झालंय.

२००८ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने ठशावर विद्युतभारित द्रावकाचे बारीक तुषार मारले. तुषारांबरोबर उडालेले रेणू यंत्रात ओढून प्रत्येक ठिपक्यावर कुठला रेणू किती आहे याचा नकाशा काढला. नकाशावर फक्त कोकेनचा रेणू दाखवायला सांगितलं तर बोटाच्या रेषा उमटल्या! 'कोणाचं बोट' आणि 'बोटाला काय लागलं होतं' ही दोन्ही उत्तरं एकाच चित्रात. एकावर एक पडलेले दोन ठसेही असे सोडवता येतात, अट एवढीच की एकात असा एखादा रेणू हवा जो दुसऱ्यात नाही.

इंग्लंडमध्ये शेफील्ड हॅलम विद्यापीठात सिमोना फ्रान्चेसे यांचा गट जरा वेगळ्या पद्धतीने जातो: ठशावर एका पदार्थाचा पातळ थर द्यायचा आणि लेसर मारायचा. त्यांनी ठशातून निरोधाचं वंगण ओळखून दाखवलं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण लैंगिक अत्याचाराच्या तपासात आरोपीने निरोध वापरला असेल तर डीएनए मिळेलच असं नाही, तेव्हा असा धागा फार मोलाचा.

सिगारेटचं म्हणाल तर ईस्ट अँग्लिया विद्यापीठात २००७ साली प्रतिपिंडं चिकटवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून ठशातलं कोटिनिन पकडलं होतं. निकोटिन शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं कोटिनिन होतं. म्हणजे सिगारेटचं पाकीट नुसतं उचललं एवढ्याने ते यायचं नाही.

शंकासुर
'उचललं एवढ्याने यायचं नाही' हे जरा सावकाश. नोटा, दारांच्या कड्या, दुसऱ्याचा हात, सगळीकडून काही ना काही बोटावर येत असतं. ज्याने आयुष्यात नशा केली नाही त्याच्याही बोटावर अमली पदार्थांचे अंश सापडतात ना?

डॉक्टर_डांबिस
सापडतात, बरोबर. सरे विद्यापीठात मेलनी बेली आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, आणि नशा न करणाऱ्या काहींच्या बोटांवरही अंश मिळाले. म्हणून दोन गोष्टी करतात. एक, नुसतं 'आहे-नाही' न म्हणता किती आहे यावर मर्यादा ठरवायची. दोन, हात धुवून घेऊन मग ठसा घ्यायचा. हेरॉइनच्या बाबतीत त्यांना असं दिसलं की नुसत्या हस्तांदोलनाने आलेलं धुतल्यावर जातं, पण ज्याने खरोखर घेतलंय त्याच्या घामातून ते पुन्हा येत राहतं.

पण यात एक मेख आहे. हात धुवून ठसा घेता येतो तो समोर बसलेल्या माणसाचा. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशाला 'जरा हात धुऊन या' असं सांगता येत नाही.

आणि आणखी एक. कोकेन शरीरात गेलं की बेंझॉइलएक्गोनिन बनतं, म्हणून ते सापडलं की 'घेतलंच होतं' असं वाटतं. पण दमट हवेत पडलेलं कोकेन शरीराबाहेरही हळूहळू तसं फुटतं. एका रेणूवर माणसाला फासावर चढवू नये.

उगाच_एक
'जरा हात धुऊन या' हे वाक्य निळीशाईताईंनी कथेत घेतलंच पाहिजे. मानधनात माझा वाटा काही नाही, डॉक्टरांचा असेल.

कोर्टकचेरी
वकिली करतो, फौजदारी बाजू. तुमचं सगळं वाचून माझ्या डोक्यात एकच प्रश्न, आणि तो निळीशाई यांचा दुसरा: कधीचा?

ठशावर वाद घालताना बचाव पक्ष सहसा 'हा ठसा माझ्या अशिलाचा नाहीच' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'असेल त्याचा, मागच्या महिन्यात तो तिथे पाहुणा म्हणून गेला होता.' वस्तू हलती असेल, पेला, पिशवी, कागद, तर आणखी सोपं. ठसा माणूस सांगतो, तारीख सांगत नाही. ज्या दिवशी तारीख सांगेल त्या दिवशी माझा निम्मा धंदा बसेल.

रेषा जुळवण्यातही चुका होतात हे वेगळंच. २००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठरवला. त्याला अटक झाली, आणि मग स्पॅनिश पोलिसांनी तो अल्जीरियाच्या एका माणसाचा असल्याचं दाखवलं. तेव्हा वकीलमंडळींचं ठशांवर विशेष प्रेम आहे असं समजू नका.

शंकासुर
त्या माद्रिदच्या प्रकरणात रसायनांनी काही फरक पडला असता का?

कोर्टकचेरी
नाही. ती चूक बघणाऱ्या डोळ्यांची आणि आधीच बनलेल्या मताची होती.

स्पेक्ट्रमा
वकीलसाहेब, तुमचा धंदा अजून बरीच वर्षं चालेल. कारण सांगते.

ठसा जुना होताना त्यात खूप काही घडतं. पाणी उडतं. स्क्वालीनमध्ये सहा दुहेरी बंध आहेत, हवा आणि उजेड त्याला पटकन खातात. हलकी मेदाम्लं उडून जातात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेत २०१५ साली पामिटिक आम्ल हे मेदाम्ल रेषांमधून आजूबाजूला कसं पसरतं ते मोजलं. सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर पहिले चारेक दिवस त्यावरून ठशाचं वय काढता येतं असं दिसलं. आयोवा स्टेट विद्यापीठाने २०२० मध्ये दुसरी वाट धरली: हवेतला ओझोन ट्रायग्लिसराइडांच्या दुहेरी बंधांवर हल्ला करतो, तर किती शिल्लक आहेत आणि तुटून काय बनलंय ते बघायचं.

दोन्ही कामं सुंदर आहेत. अडचण मुळाशी आहे. भांड्यातलं किती पाणी आटलं हे सांगायचं तर आधी किती भरलं होतं ते माहीत लागतं, आणि ठशाच्या बाबतीत नेमकं तेच माहीत नसतं. एकाने कपाळ पुसून हात लावला, दुसऱ्याने आत्ताच हात धुतले होते. त्यात तापमान, ऊन, पंख्याचा वारा, काच की लाकूड की कागद. कागद तर तेल शोषूनच घेतो. म्हणून रकमांपेक्षा दोन घटकांचं गुणोत्तर बघतात, तरीही दोन माणसांतला फरक दोन दिवसांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

आणि एक आतली गोष्ट. बऱ्याच प्रयोगांत ठसे देणाऱ्याला आधी बोट कपाळाला किंवा नाकाला घासायला सांगतात, म्हणजे ठसा जाड, तेलकट, यंत्राला आवडेल असा येतो. चोर असं करत नाही. असल्या ठशांवरचे निकाल वाचताना मी निम्मे कापूनच वाचते.

बेंझीनकाका
स्पेक्ट्रमा, शंभर टक्के. आमच्याकडेही काही सहकारी 'चांगले दाते' म्हणून प्रसिद्ध होते. नवं रसायन आलं की त्यांनाच बोलवायचं, त्यांचे ठसे हमखास झकास यायचे. आणि काहींचे इतके वाईट की सुपरग्लूच्या कपाटातून काच काढली तरी कोरीच. माणसामाणसांत एवढा फरक असतो.

ठसा लवकर नाहीसा होण्याची एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला १९९३ मध्ये एका लहान मुलीच्या अपहरणाचा तपास चालू होता. संशयिताच्या गाडीत ती बसली होती हे माहीत असूनही तिचे ठसे मिळेनात. तिथले पोलीस तज्ज्ञ आर्ट बोहानन यांनी मुलांचे आणि मोठ्यांचे ठसे बाटल्यांवर घेऊन बघितलं: मुलांचे खरोखरच लवकर जातात. मग शेजारच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने विश्लेषण केलं. वयात येण्याआधी त्वचेच्या तेलग्रंथी पुरत्या जाग्या झालेल्या नसतात, त्यामुळे मुलांच्या ठशात सुटी, उडून जाणारी मेदाम्लं जास्त. मोठ्यांच्या ठशातली लांब साखळीची एस्टरं जड, ती टिकून राहतात. गरम गाडीत तर मुलाचा ठसा दिवसभरही टिकेल याची खात्री नाही.

निळीशाईबाई, मालिकेतलं 'वय चाळिशीचं' हे सोडून द्या. लहान मूल की मोठा माणूस एवढं म्हणण्याजोगं आहे. चाळीस की पन्नास, हे कोणी सांगितलं तर उठून जा.

निळीशाई
बापरे, केवढा खजिना! काका, ती मुलीची गोष्ट वाचून गप्प झाले.

पहिला प्रश्न राहिला. बाई की पुरुष?

स्पेक्ट्रमा
अमेरिकेत ऑल्बनी विद्यापीठात यान हालामेक यांच्या गटाने २०१५ मध्ये अमिनो आम्लांवरून ते करून दाखवलं. स्त्रियांच्या ठशांत अमिनो आम्लांचं प्रमाण सरासरीने बरंच जास्त असतं. महागडं यंत्रही नको, रंग बदलणारी अभिक्रिया पुरते.

शंकासुर
'सरासरीने' हा शब्द अधोरेखित करावा. सरासरीने पुरुष उंच असतात, म्हणून समोर आलेली प्रत्येक उंच व्यक्ती पुरुष होत नाही. आणि ठसा अर्धवट, पुसटसा असेल तर 'कमी अमिनो आम्लं' म्हणजे पुरुष की नुसता कमी दाबून उमटलेला ठसा?

स्पेक्ट्रमा
तपासाला दिशा द्यायला ठीक, न्यायालयात एकट्याच्या बळावर नको. इतपत मान्य?

शंकासुर
मान्य. आज काहीतरी चुकलंय, मी सहमत होतोय.

खटपट्या
घरी करून बघायचंय. सुपरग्लूची ट्यूब आहे, तव्यावर तापवली आणि वर डबा उपडा घातला तर ठसा उठेल का?

बेंझीनकाका
खटपट्या, आत्ताच्या आत्ता तवा खाली ठेवा. त्या वाफेने डोळे आणि नाक जळजळतं ते वेगळं, पण जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. प्रयोगशाळेत बंद कपाट असतं, धूर बाहेर ओढणारी सोय असते, तापमानावर नियंत्रण असतं. तुमच्याकडे डबा आहे. हौसच असेल तर शिसपेन्सिलीचं टोक बारीक पूड होईतो घासा, मऊ कुंचल्याने काचेवर हलके फिरवा आणि चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवा. तेवढी मजा पुरे.

खटपट्या
ठेवला. घरच्यांनीही तुमचा प्रतिसाद वाचला, आता पेन्सिलही मिळत नाहीये.

उगाच_एक
मोजे घालून चोरी केली तर? म्हणजे हातमोजे.

बेंझीनकाका
रबराचे पातळ हातमोजे कचऱ्यात टाकून गेलेले चोर खूप. आतल्या बाजूला घामाने भरलेले ठसे असतात, मोजा उलटा केला की काम झालं.

धातूचंही ऐका. इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर पोलिसांकडे जॉन बॉन्ड यांनी २००८ च्या सुमारास दाखवलं की पितळेवर ठशातलं मीठ गंजासारखी झीज करतं, आणि तापवलं की ती आणखी वाढते. काडतूस झाडल्यावर तेल जळून गेलेलं असतं, कोणी पुसलेलंही असतं, पण धातूवर जिथे क्लोराइड बसलं होतं तिथे खूण राहते. ठसा गेला, त्याने केलेलं नुकसान उरलं.

निळीशाई
आता माझं गाऱ्हाणं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी कथा मारलीत. कथेत तज्ज्ञ बाई ठशातलं स्क्वालीन बघून सांगतात की मृत्युपत्राला हात मंगळवारी लागला, बुधवारी नाही. हे तर आता गेलंच. शिवाय कागद, म्हणजे तेल शोषलं जाणार. काय करू?

कोर्टकचेरी
प्रसंग सविस्तर सांगा बघू. कोणावर काय सिद्ध करायचंय?

निळीशाई
म्हातारे गृहस्थ वारले. मृत्युपत्र हाताने लिहिलेलं, शाईने. पुतण्या म्हणतो, 'काकांनी हे कधी लिहिलं मला माहीत नाही, मी हा कागद आजपर्यंत पाहिलाही नाही.' खरं तर मजकूर त्यानेच घुसवलाय. कागदावर त्याचे ठसे आहेत, पण तो म्हणतो, 'कोऱ्या कागदांचं बंडल मीच आणून दिलं होतं, तेव्हाचे असतील.'

स्पेक्ट्रमा
अहो ताई, तुमची कथा मेलेली नाही! तारीख विचारू नका, क्रम विचारा.

सरे विद्यापीठातल्या गटाने यावरही काम केलंय, २०१४ च्या सुमाराचं. ठसा आणि शाईची रेघ जिथे एकमेकांना छेदतात तिथे आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, झोत मारून अगदी वरच्या पातळ थरातले रेणू उडवायचे आणि नकाशा काढायचा. शाईच्या रेघेवरून ठशाच्या रेषा सलग जाताना दिसल्या तर ठसा नंतरचा. शाईपाशी तुटल्या तर ठसा आधीचा, त्यावर नंतर लिहिलंय. किती वाजता ते नाही कळणार, पण लिहिण्याआधी की लिहिल्यानंतर, हे कळू शकतं. सुरुवातीला किती तेल होतं याच्याशी त्याचा संबंधच येत नाही, म्हणून हा प्रश्न सोपा.

कोर्टकचेरी
वा. हे मला उलटतपासणीत आवडणार नाही, म्हणजे चांगलं आहे.

पण दिशा नीट ठेवा. पुतण्याचा ठसा शाईच्या खाली निघाला तर काहीच सिद्ध होत नाही, उलट त्याचं बंडलाचं म्हणणं खरं ठरतं. शाईच्या वर निघाला तर त्याचं 'मी हा लिहिलेला कागद पाहिलाच नाही' हे विधान पडलं. त्याने मजकूर घुसवला हे त्यातून येत नाही. तो खोटं बोलला एवढंच येतं. पण खोटारडा साक्षीदार उभा केला की पुढचं काम वकिलाचं. म्हणून त्याला गोष्टीच्या सुरुवातीलाच तोंडावर, साक्षीदारांसमोर ते वाक्य बोलायला लावा. तो गुळमुळीत बोलला तर तुमचं यंत्र वाया.

शंकासुर
आणि म्हाताऱ्यांचे ठसे शाईवर सापडलेच नाहीत, म्हणून त्यांनी लिहिलं नाही, असं तज्ज्ञबाईंकडून वदवू नका. बेंझीनकाकांनी वर सांगितलंय, काहींचे ठसे उठतच नाहीत. आजी साक्षीला आहेत.

आजी_ऑनलाइन
आहे, आहे. बोट घेऊन येते.

निळीशाई
तुम्हा सगळ्यांना साष्टांग नमस्कार. तज्ज्ञबाई आता मंगळवार-बुधवार काही बोलणार नाहीत. त्या फक्त म्हणतील, 'वर आहे.' पुतण्याचं वाक्य पहिल्याच प्रकरणात, भरल्या बैठकीत.

फक्त एक विचारते. ठसे दिसण्यासाठी आधी निनहायड्रिन लावलं, जांभळे ठसे उमटले, मग ते आयनांचं यंत्र, असा क्रम चालेल ना? जांभळा रंग वर्णनाला छान आहे.

बेंझीनकाका
नाही चालणार. निनहायड्रिन द्रावकात मिसळून लावतात. काही द्रावकांत शाई पसरते, आणि पसरली की वर-खाली हा प्रश्नच पुसला गेला. कागद पहिल्यांदा शाई आणि हस्ताक्षर तपासणाऱ्याकडे. मग वेगवेगळ्या प्रकाशात नुसतं बघणं आणि फोटो. काही ठसे तेवढ्यानेही दिसतात. मग जिथे ठसा रेघेला छेदतो तेवढ्या भागाचं यंत्रकाम. तो तुकडा कापून यंत्राच्या निर्वात पेटीत घालावा लागेल, तर मूळ मृत्युपत्राचा तुकडा कापायची परवानगी न्यायालयाकडून आधी घ्या. तिथे कथेत एक चांगलं भांडण मिळेल. उरलेल्या कागदाला आधी डीएफओ (हेही अमिनो आम्लांनाच धरणारं रसायन), त्यानंतर निनहायड्रिन, या क्रमाने. डीएफओचे ठसे हिरव्या प्रकाशात नारिंगी चष्म्यातून चमकताना दिसतात, ते जांभळ्याहून देखणं आहे. आणि कागद कुठे भिजलेला दाखवणार असाल तर निनहायड्रिन विसरा, अमिनो आम्लं पाण्याबरोबर गेलेली असतात. तिथे चांदीचं फिजिकल डेव्हलपर लागतं, ते पाण्यात न विरघळणाऱ्या भागावर बसतं. तेही सगळ्यात शेवटी.

कोर्टकचेरी
तुकडा कापायच्या परवानगीचं भांडण मी लिहून देतो. दोन्ही बाजूंनी.